बोमीचा अंगठा

ताप उतरला की आईबापांना हायसं वाटतं, पण परक्यांची पोरं सांभाळणाऱ्या नर्सला त्याहून जास्त वाटतं. आईबापांच्या वाट्याला एकदोन पोरं असतात. रोवेना पाविदच्या गळ्यात सव्वाशे होती. कोरिया, जपान, तैवानची ही पोरं दर वर्षी सुट्टीत फिलिपिन्समधल्या बागियोच्या डोंगरावर येत, वसतिगृहात राहत आणि उठल्यापासून झोपेपर्यंत इंग्रजी घोटत. फाटकावरच्या पाटीवर 'समर स्कूल' असं लिहिलेलं होतं. समर असायचा तो त्यांच्या देशात. डोंगरावर तेव्हा पाऊस, धुकं आणि आठवडाभर न वाळणारे मोजे. पोरं खोकायची, शिंकायची, घरच्या आठवणीने रडायची. रोवेना गोळी, गरम पाणी आणि वेळ पडली तर स्वतःची मांडी, यातलं जे लागेल ते द्यायची.

म्हणून त्या शनिवारी सकाळी बोमीच्या काखेतून थर्मामीटर काढला आणि आकडा शहाण्यासारखा खाली उतरलेला दिसला, तेव्हा रोवेनाने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. बोमी अकरा वर्षांची, काडीपैलवान, पुढच्या दोन दातांत फट. मंगळवारपासून तापाने फणफणली होती. अर्धं वसतिगृह सर्दीतापात होतं, त्यामुळे रोवेनाने तिलाही त्याच ओळीत बसवलं होतं. आज दुपारी भाषणांची स्पर्धा. पोरांचे आईबाप आपापल्या देशांत मोबाइलसमोर बसून ती बघणार होते.

"टीचर, मग मी बोलू शकते ना?" बोमीने विचारलं.

"ताप नाही, म्हणजे बंदी नाही. जा, जरा खा काहीतरी."

"माझे बाबा बघणार आहेत. त्यांचं जहाज आज बंदरात आहे. उद्या परत समुद्रात गेलं की महिनाभर फोन नाही."

हे रोवेनाला आठवडाभरात पाठ झालेलं होतं. बोमीचा बाप मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचा आणि लेकीच्या वाट्याला वर्षातून एकदोनदा यायचा. तापात बरळतानाही पोरगी बंदराचंच नाव घेत होती. रोवेनाने स्वतः जाऊन संचालकांना कळवलं, बोमी बरी आहे, तिचं नाव ठेवा.

स्वयंपाकघरातली आंटी पुरिंग तर श्रेय घ्यायला टपूनच बसलेली. "बघितलंस वेंग, माझ्या आरोस काल्दोने ताप पळाला की नाही?" रोवेनाला सगळे वेंगच म्हणत.

"हो बाई. तुझं आलं, तुझी कोंबडी, तुझा भात. मी आपली थर्मामीटर मिरवायला."

"मिरव, मिरव. पण आज दोन चमचे खाल्ले तिने आणि वाटी सरकवली. म्हणे पोटात दुखतंय." पुरिंगने डोळे बारीक केले. "आंबा तर नाही ना खाल्ला?"

आणि दोघी भांडी घासणाऱ्या पोरी तोंडावर हात ठेवून फिसकन हसल्या.

आंब्याची गोष्ट रोवेनाच्या पाठीला चिकटली होती. महिन्याभरापूर्वी ओसाकाच्या एका मुलाच्या पोटात मरणाची कळ आली. रोवेनाने ओटीपोट दाबून बघितलं, अपेंडिक्स म्हणून रुग्णवाहिका मागवली, भोंगा वाजवत पोराला शहरात नेलं, तिकडे त्याची आई विमानाचं तिकीट काढून मोकळी. निघालं काय, तर पोराने सुक्या आंब्याची दोन मोठी पाकिटं एका बैठकीत फस्त केली होती. सगळा कॅम्प हसला. कोरियाहून आलेले संचालक मात्र हसले नाहीत. पोरांना ते 'सर प्यो', आणि रोवेनालाही. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात सांगितलं, "यापुढे माझ्या परवानगीशिवाय एकही मूल फाटकाबाहेर जाणार नाही." दुधाने तोंड पोळलं होतं त्यांचं, आता ताक फुंकून पिणार. आणि रोवेनाही तेव्हापासून स्वतःच्याच हाताकडे जरा संशयाने बघायला लागली होती. 'लांडगा आला रे आला' एकदा ओरडून झालं होतं. दुसऱ्यांदा ओरडायचं तर लांडगा डोळ्यांनी दिसायला हवा.

ती दवाखान्याच्या खोलीत कापसाचे बोळे करत बसली असताना चेरिन आली. चौदा वर्षांची, बोमीच्याच खोलीतली. बोमी तिला 'ऑन्नी' म्हणायची, म्हणजे ताई, आणि चेरिनने ते ताईपण फार मनावर घेतलं होतं. बोमीची वेणी, बोमीचे मोजे, बोमीचा गृहपाठ, सगळं तीच बघायची.

"टीचर, चिकटपट्टी हवी."

"काय झालं?"

"टाच. नवीन बूट लागला."

रोवेनाने पट्टी दिली. थोड्या वेळाने चेरिन पुन्हा हजर. पहिली पाण्याने निघाली, आता दोन द्या. दिल्या. मग हॉलमधून माइकची 'हॅलो, हॅलो' सुरू झाली, पोरं इस्त्रीचे कपडे घालून इकडून तिकडे पळायला लागली, आणि चेरिन तिसऱ्यांदा दारात उभी राहिली. या वेळी नजर खाली.

"अगं, टाच आहे की नळ?" रोवेना हसून म्हणाली आणि आणखी दोन पट्ट्या काढून दिल्या.

चेरिन हसली नाही. पट्ट्या मुठीत धरून वळली आणि चालायला लागली. वसतिगृहात सगळी पोरं सपाता घालून फिरतात, चेरिनच्याही पायांत त्याच होत्या. मागून तिच्या दोन्ही टाचा उघड्या दिसत होत्या, उकडलेल्या अंड्यासारख्या गुळगुळीत. पट्टी नाही, ओरखडा नाही.

रोवेना बोळे टाकून उठली.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बोमी पलंगाच्या कडेवर बसली होती, स्पर्धेचा पांढरा ब्लाउज घालून. गालांवर चेरिनने गुलाबी रंग लावला होता, पण रंगाच्या कडेने चेहरा राखेसारखा दिसत होता. रोवेनाला बघताच चेरिनने एक टॉवेल झटकन बादलीत कोंबला. चोराच्या मनात चांदणं, कुणी विचारायच्या आतच म्हणाली, "टोमॅटो सॉस सांडला."

रोवेनाने टॉवेल बाहेर काढला. सॉसचा वास तिला कळत होता आणि रक्ताचाही. बोमीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचा हात हातात घेतला. हात गार होता. नुसता गार नाही, ओलसर गार. डाव्या अंगठ्याला चिकटपट्टीवर चिकटपट्टी गुंडाळलेली आणि सगळ्यात वरचीसुद्धा कडेने लाल होत चाललेली. सकाळी हा हात पांघरुणातच होता.

"कागदाने कापलं," बोमी म्हणाली.

रोवेनाने पट्ट्या सोडवल्या. नखाच्या मुळाशी टाचणीएवढं भोक. त्याच्यावर रक्ताचा मणी फुगला, फुटला, ओघळला, लगेच दुसरा फुगला. अंगठ्याच्या पेराभोवती दोऱ्याचा निळसर वळ होता.

हा वळ तिने पूर्वी एकदा पाहिला होता, पहिल्या वर्षी, एका कोरियन मुलाच्या अंगठ्यावर, त्याला सोडायला आलेल्या आजीने दोरा बांधला होता तेव्हा. पोटात अन्न अडलं की या आज्या खांद्यापासून हात चोळत खाली आणतात, अंगठ्याला दोरा करकचून बांधतात आणि नखाशी सुई टोचतात. काळं रक्त बाहेर पडतं, पोर ढेकर देतं, पोट मोकळं. रोवेनाच्या स्वतःच्या गावात यापेक्षा अचाट उपाय चालायचे, त्यामुळे ती तेव्हा फक्त हसली होती.

आता चेरिन मागे मागे सरकायला लागली होती. सुईला कॅम्पात सक्त बंदी होती. जूनमध्ये दोन मुलींनी सुईने एकमेकींचे कान टोचले होते, तर सर प्योंनी दोघींना दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवलं होतं.

"चेरिन, इकडे बघ. मला सुई नको. सुई कुणाची तेही नको. कधी टोचलं एवढंच सांग."

"सरांना सांगाल."

"नाही सांगणार."

"शपथ?"

"शपथ. बोल लवकर."

"काल. रात्रीच्या जेवणानंतर." चेरिनचा बांध फुटला. "तिचं पोट खूप दुखत होतं. माझी आजी नेहमी करते, एक थेंब येतो आणि थांबतो. हिचं थांबतच नाही, टीचर. मी दाबून ठेवलं, बर्फ लावला, पट्ट्या लावल्या. थांबतच नाही! मी काहीतरी तोडलं का तिच्या आत?"

काल जेवणानंतर. आणि आता दुपारची जेवणंही उरकली होती.

ताप उतरला. पोट दुखतंय. हात गार. टोचलेलं भोक मिटत नाही. यातली एकेक गोष्ट सुटी सुटी तिने पाहिली होती आणि सुटीच सोडून दिली होती. आता चारही एका ओळीत येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तिला समुद्र आठवला. तापाच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या पोरांना खाली ला युनियनच्या किनाऱ्यावर नेलं होतं. परत आल्यावर बोमीच्या पोटऱ्यांवर लाल गांध्या होत्या. रोवेनाने स्वतःच्या बोटांनी त्यांच्यावर गुलाबी लोशन लावलं होतं आणि म्हणाली होती, वाळूतल्या चिलटांना तुझं रक्त गोड लागलेलं दिसतंय.

चिलटं कसली! डास होते ते. पण डोंगरावरच्या माणसाला डास सुचतच नाही. इथे गारठा असतो, इथे मच्छरदाणी कुणी विकत घेत नाही, डेंग्यू हा खालच्या घामट लोकांचा आजार, असं लहानपणापासून ऐकत ती मोठी झालेली. सर्दीताप म्हटलं आणि सुंठीवाचून खोकला गेला म्हणून खूश झाली. डेंग्यूचा डाव असा की ताप असतो तोवर माणूस सावध असतो. ताप उतरतो, माणूस निर्धास्त होतो, आणि नेमक्या त्याच दिवशी तो आतून गळा धरतो. हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं तिने. आणि आज सकाळी तिनेच या पोरीला बरी म्हणून जाहीर केलं होतं.

तिने बोमीला उचललं. पोरीने "मी चालते की," म्हटलं, पण मान रोवेनाच्या खांद्यावर टाकली.

दवाखान्याच्या खोलीत तिने रक्तदाब घेतला. वरचा आणि खालचा आकडा एकमेकांजवळ सरकले होते, जणू मधली जागाच कुणी खाऊन टाकलीय. पुन्हा घेतला. तेच.

"पुरिंग!" ती ओरडली. "सर प्योंना बोलाव. आत्ता. ओढत आणावं लागलं तर ओढत आण."

तिने दाबाचा पट्टा पुन्हा फुगवला आणि तसाच बांधून ठेवला. डेंग्यूची ही साधी परीक्षा आहे. हात थोडा वेळ आवळून ठेवायचा. आत रक्त झिरपत असेल तर कातडीवर लाल ठिपके उमटतात. वाट बघणं एवढंच अवघड. चेरिन भिंतीला चिकटून उभी. हॉलमधून टाळ्यांचा आवाज आला. पहिलं भाषण सुरू झालं होतं.

सर प्यो आले ते काळ्या सुटात, छातीवर कागदी फूल लावून. पलंगावर बोमीला बघून ते थबकले, मग रोवेनाकडे वळले. "हिचा सहावा नंबर आहे. वडील तिकडे मोबाइलसमोर येऊन बसलेत. काय चाललंय?"

"हिला डेंग्यू आहे, सर. हॉस्पिटलला न्यावं लागेल."

"बागियोत डेंग्यू?"

"डास डोंगर चढत नाहीत, पण पोरं उतरली होती ना समुद्रावर."

"सकाळी तुम्हीच म्हणालात, बरी आहे."

"म्हणाले. चुकले."

"आंब्याच्या वेळीही चुकलात." आवाज चढला नाही; त्यांचा कधीच चढत नसे. "संध्याकाळी डॉक्टर यायचेच आहेत. तीन मिनिटांचं भाषण आहे. मुलगी शुद्धीवर आहे, ताप नाही. बापाला काय सांगू? नर्सला शंका आली?"

"तीन मिनिटं उभी राहिली आणि कोसळली तर काय सांगाल?"

रोवेनाने पट्टा सोडला. बोमीच्या कोपराच्या आतल्या बाजूला, गोऱ्या कातडीवर, बारीक लाल ठिपक्यांचा सडा पडला होता. राईचे दाणे सांडावेत तसा. रोवेनाने ओठ पुढे काढून तिकडे खूण केली.

सर प्योंनी वाकून पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा हलला. मग ते सरळ झाले. "एवढा वेळ आवळून ठेवलंत तर माझ्याही हातावर उमटतील."

"नाही उमटणार."

"सर, मी ठीक आहे," बोमी म्हणाली आणि पलंगावरून खाली उतरली. एका हाताने पलंगाची दांडी धरली होती. अंगठा तिने मुठीत दडवला. "मला बोलायचंय. टीचर, प्लीज! बाबा उद्या जाणार."

"बघा," सर प्यो म्हणाले आणि त्यांनी बोमीसाठी हात पुढे केला.

रोवेना दारात जाऊन उभी राहिली. बुटकी बाई, पण दार अडलं. तिच्या मनात दोन गोष्टी झगडत होत्या. मुठीतला अंगठा उघडून दाखवला तर हा माणूस गप्प होईल, आणि शपथ घातलेली ती पोरगी समोर भिंतीला टेकून उभी होती. शपथ मोडायची हे तिने ठरवलंच होतं. पोरीच्या जिवापुढे शपथ कसली! पण चोरून मोडायची नव्हती.

"चेरिन," ती म्हणाली, "मी आता सांगणार आहे. मला माफ कर."

चेरिनने तिच्याकडे पाहिलं. मग भिंत सोडली, सर प्योंच्या समोर आली आणि बोलायला लागली. इंग्रजीत नाही, कोरियनमध्ये. कॅम्पात मातृभाषेचा एक शब्द काढला तर शिक्षा होती, आणि ही पोरगी संचालकाच्याच तोंडावर धो धो बोलत सुटली होती. रोवेनाला अक्षर कळलं नाही, पण हात कळले. एका हाताने ती दुसरा हात खांद्यापासून चोळत खाली आली, अंगठ्याभोवती न दिसणारा दोरा गुंडाळला, न दिसणारी सुई टोचली. आणि मग बोमीची मूठ धरून तिने उघडली.

नवी पट्टी भिजून गेली होती. सर प्योंनी ती स्वतः सोडवली. मणी फुगला, ओघळला आणि त्यांच्या शर्टाच्या पांढऱ्या बाहीवर पडला. ते बघत राहिले. दुसरा फुगला.

"कधी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"काल. जेवणानंतर," रोवेना म्हणाली.

"माझी आजी टोचायची," सर प्यो म्हणाले. त्यांचा आवाज एकदम एखाद्या पोराचा झाला होता. "एक थेंब यायचा. काळा. एकच थेंब. आजी तो पुसेपर्यंत..." त्यांनी छातीवरचं फूल ओढून काढलं. "गाडी!"

गाडी बक्षिसं आणायला शहरात गेली होती. उरली होती ती कॅम्पाला भाजी पुरवणाऱ्या मानोंग गुस्तिंगची, म्हणजे गुस्तिंगदादाची, जीप. अर्धी कोबीने भरलेली.

"येशू-मारिया-जोसेफ! यातून न्यायचं?" गुस्तिंग म्हणाला.

"कोबी फेक खाली आणि चालव," रोवेना म्हणाली. "तुझ्या कोबीला देव बघेल."

बोमीला कळलं की आपल्याला हॉलकडे नाही, फाटकाकडे नेतायत, तेव्हा तिने रोवेनाच्या दंडाला चावा घेतला. "तुम्ही खोटारड्या आहात! सकाळी हो म्हणालात! मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही!"

"नको बोलूस. चाव. आणखी चाव," रोवेना म्हणाली. पोरीत चावण्याइतकं बळ आहे याचाच तिला आनंद झाला होता. फाटकाशी चेरिन पावसात उभी होती, हातात बोमीच्या सपाता घेऊन. तिला बरोबर घ्यायला जागा नव्हती.

रस्त्यावर धुकं असं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा. शनिवार, त्यात खालून वर आलेल्या सहलीच्या गाड्या. गुस्तिंग हॉर्नवर हात ठेवून शिव्या देत होता, सगळ्या इथल्या इलोकानो बोलीतल्या आणि सगळ्या दुसऱ्यांच्या बापांना. पुढे बसलेले सर प्यो हॉस्पिटलला फोन करत होते. मागे पोत्यांवर रोवेना बोमीला कुशीत घेऊन बसली होती आणि तिच्या मनगटावरून बोटं काढत नव्हती. नाडी होती, पण दोऱ्यासारखी. मधेच ती बोटांखालून निसटायची आणि रोवेना चाचपून पुन्हा शोधायची.

बोमीची चावाचावी थांबली होती. ते वाईट होतं. डोळे मिटायला लागले. ते त्याहून वाईट.

"बोमी. ए बोमी! भाषण म्हण."

"नाही म्हणत तुमच्यासमोर."

"पाठच नसेल झालेलं."

"झालंय!" डोळे उघडले. "सन्माननीय परीक्षक आणि प्रिय मित्रांनो. माझे बाबा जहाजावर काम करतात. त्यांना समुद्र माहीत आहे. मला समुद्राची भीती वाटायची, कारण..." थांबली.

"कारण?"

"कारण तो बाबांना घेऊन जातो." ओठ कोरडे पडले होते. रोवेनाने चमच्याने पाणी दिलं. "या उन्हाळ्यात मी समुद्रावर गेले. मी पाण्यावर पाठ टेकली. ऑन्नीने खाली हात धरला होता. मग तिने हात काढला आणि मला कळलंच नाही. मी तरंगत होते. बाबा, मला आता..."

"काय, बोमी? आता काय?"

मान कलंडली. रोवेनाने तिचे गाल थापटले, कानात नाव घेतलं, एकदा, दोनदा, मग ओरडूनच. पुढे सर प्योंनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघून गुस्तिंगच्या खांद्यावर मूठ मारली. गुस्तिंगने चाक फुटपाथवर चढवलं. टोपलीवाल्या बाया ओरडत बाजूला झाल्या. रोवेना रडत होती आणि रडता रडता नाडी मोजत होती. देवा, ही माझी चूक आहे, हिशोब माझ्याशी कर, या पोरीशी नको.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं.

त्यानंतर रोवेनाला काहीच करायचं नव्हतं, आणि नर्सला त्याइतकी मोठी शिक्षा नाही. काचेपलीकडे दुसऱ्या नर्स धावत होत्या, सलाईन लावत होत्या. डॉक्टरीणबाई एकदा बाहेर आल्या. प्लेटलेट तळाला गेल्यात, दाब आत्ता कुठे धरतोय, म्हणाल्या. आणि जाता जाता म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं."

सर प्यो बाकावर बसले होते. बाहीवरचे डाग वाळून तपकिरी झाले होते.

"मी तिला स्टेजवर नेत होतो," ते म्हणाले.

"मी तिला स्टेजवर पाठवत होते," रोवेना म्हणाली. "तुम्ही दुपारी चुकलात, मी मंगळवारपासून चुकतेय. लोशन लावलं होतं मी त्या चाव्यांवर."

मग तिने विचारलं, "चेरिनला परत पाठवाल?"

"कशाबद्दल?"

"ती जे बोलली त्याबद्दल."

सर प्योंनी चष्मा पुसला. "ती कोरियनमध्ये बोलली. कॅम्पात कोरियनला बंदी आहे, त्यामुळे मी काही ऐकलंच नाही." चष्मा पुन्हा चढवला. "सुई मात्र तुम्ही शोधून फेकून द्या."

त्या दिवशी कुणी घरी गेलं नाही. रविवार तसाच गेला. सोमवारी आकडे वर चढायला लागले, आणि मंगळवारी बोमीने हॉस्पिटलची लापशी चाखून, आंटी पुरिंगची चांगली असते, असं सुनावलं. बापाचं जहाज रविवारी ठरल्याप्रमाणे निघालं होतं, पण बापाशिवाय. तो बंदरातूनच विमानतळावर गेला होता आणि आता लेकीच्या उशाशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता, बूटसुद्धा न काढता. भाषण त्याने तीनदा ऐकलं होतं.

रोवेना आली तेव्हा बोमीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "मी अजून रागावलेय."

"रागाव. चांगलं असतं तब्येतीला." रोवेनाने दंडावरचा चाव्याचा वळ दाखवला. "हा बघ, अजून आहे. हात दे इकडे."

बोमीने हात दिला, तोंड न फिरवता. हात गरम होता.

दारात चेरिन उभी होती. सर प्यो स्वतः तिला घेऊन आले होते, पण ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती. दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले.

रोवेनाने बोमीच्या अंगठ्यावरची पट्टी हळूच सोलली. पट्टीच्या आत डाग नव्हता. तिने भोकाच्या दोन्ही बाजूंनी दाबलं. सगळे बघत राहिले. अंगठा दाबाने पांढरा झाला, मग गुलाबी झाला. मणी आला नाही. तिने पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदाही दाबलं.

"दुखतंय, टीचर!" बोमी ओरडली. खुर्चीतला बाप दचकून जागा झाला.

"थांबलं?" दारातून चेरिनने विचारलं.

"ये, तूच बघ," रोवेना म्हणाली आणि सरकून तिला जागा करून दिली.